‘साबर बोंडं’: पिक्चर कसा आहे, आणि पब्लिक काय करतं

मी जन्मभर पिक्चर केबिनमधून पाहिले. नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी टॉकीजमध्ये प्रोजेक्टर ऑपरेटर होतो. आधी कार्बनचा उजेड, मग झेनॉन बल्ब, शेवटी सॅटेलाइटवरून उतरणारा डिजिटल पिक्चर, सगळं हाताखालून गेलं. ऑपरेटरला पडद्याइतकंच पब्लिकही दिसतं. केबिनच्या काचेतून खाली डोकीच डोकी असतात. कुठल्या सीनला ती हलतात, कुठे थिजतात, कुठे शेजारच्याकडे वळतात, हे चार खेळांत पाठ होतं. आता रिटायर होऊन पुण्यात मुलीकडे असतो.

‘साबर बोंडं’ १९ सप्टेंबर २०२५ ला लागला आणि पहिल्याच आठवड्यात जाऊन पाहिला. पिक्चर चांगला आहे, जरूर पाहा, आणि थिएटरातच पाहा. पण एवढं लिहून थांबलो तर अर्धंच सांगितल्यासारखं होईल. दोन पुरुषांचं प्रेम पडद्यावर आलं की आपलं पब्लिक काय करतं, हा प्रश्न माझ्या भाच्यामुळे माझ्या घरातला झालाय. म्हणून पिक्चर जितका पाहिला तितकाच हॉलही पाहिला. दोन्हींबद्दल लिहितो.

आधी पिक्चर. रोहन परशुराम कानवडे यांनी लिहिलाय आणि दिग्दर्शितही त्यांनीच केलाय. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात गेलेला हा पहिला मराठी पिक्चर, आणि तिथे परदेशी कथापटांच्या स्पर्धेतलं सर्वात मोठं, ग्रँड ज्युरी पारितोषिक घेऊन आला. गोष्ट साधी आहे. मुंबईत कॉल सेंटरला नोकरी करणारा आनंद, वडील गेल्यावर सुतकाचे दहा दिवस घालवायला आईबरोबर गावी येतो. गावात लहानपणचा सोबती बाळ्या आहे. शेती करतो, शेरडं राखतो, घरचे त्याच्या लग्नाच्या मागे लागलेत. आनंदच्याही लग्नाचा विषय भावकीत रोज निघतो. मयतीचं घर आणि त्यात लग्नाची चौकशी, हे आपल्याकडे किती सहज चालतं ते मी सांगायला नको. त्या दहा दिवसांत हे दोघं जवळ येतात. पुढचं सांगत नाही.

आनंद झालाय भूषण मनोज, बाळ्या झालाय सूरज सुमन आणि आई झाल्यात जयश्री जगताप. तिघंही असे वावरतात की कुणीतरी कॅमेरा ओसरीवर ठेवून विसरून गेलंय. विकास उर्स यांचा कॅमेरा फारसा हलत नाही. एक फ्रेम लागली की लागली, माणसं तिच्यात येतात, बसतात, उठून जातात. आणि पार्श्वसंगीत नाही. शेरडांचे आवाज, भांड्यांचा आवाज, वारा, रातकिडे, माणसांचं बोलणं, बस. हा संगीत नसल्याचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे त्यावर बरंच बोलायचंय.

आता हॉल. कुठल्या मल्टिप्लेक्समध्ये गेलो ते लिहीत नाही, कारण पुढे दोन तक्रारी आहेत आणि त्या जवळजवळ सगळ्याच ठिकाणी लागू पडतात. तिकीट दोनशे साठ रुपये. दिवसाला एकच खेळ, तोही कामाच्या दिवशी भर दुपारी. पडदा सगळ्यात लहान. खुर्च्या चांगल्या, एसी जास्त. बायकांनी शाल घेऊन जावी.

पब्लिक अर्ध्याला थोडं कमी. मी सवयीप्रमाणे सगळ्यात मागच्या रांगेत, मधोमध बसलो. पुढे कॉलेजची चार पोरं, हातात पॉपकॉर्नचे डबे, मधला एक सारखा मोबाइल उघडणारा. डाव्या हाताला माझ्या वयाचे एक आजोबा-आजी. मधल्या रांगेत पाचसहा बायकांचा घोळका, भिशीतल्या असाव्यात. एका बाजूला दोन तरुण, दोघांत एक खुर्ची मोकळी सोडून बसलेले. एका टोकाला एकटी आलेली एक बाई, तिने पूर्ण पिक्चरभर पर्स मांडीवरून खाली ठेवली नाही.

सुरुवातीलाच माझ्या ध्यानात आलं की आवाज कमी आहे. माणसांचं बोलणं कळत होतं, पण ज्या आवाजांवर हा पिक्चर उभा आहे ते ऐकूच येत नव्हते. एसीची घरघर, पॉपकॉर्नचा कुरकुराट आणि शेजारच्या हॉलमधल्या हाणामारीचा धमाका मात्र स्पष्ट. अशा वेळी पब्लिक बेचैन होतं. हे मी शेकडो वेळा पाहिलंय. कान रिकामा राहिला की माणूस स्वतःच आवाज करायला लागतो. बाळ्या आणि आनंद पहिल्यांदा एकमेकांकडे जरा जास्त वेळ पाहतात, तेव्हा पुढच्या पोरांतून एक ‘ओहो’ आली आणि पाठोपाठ फिसफिस हसू.

ते हसू मी ओळखतो. त्याचा इतिहास मला केबिनमधून दिसलाय.

१९९८ च्या अखेरीला दीपा मेहतांचा ‘फायर’ आला. शबाना आझमी आणि नंदिता दास, एकाच घरातल्या दोन जावा, एकमेकींच्या प्रेमात पडलेल्या. सेन्सॉरने ‘ए’ सर्टिफिकेट देऊन एकही कट न मारता सोडलेला. २ डिसेंबरला मुंबईत गोरेगावच्या सिनेमॅक्सवर शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी हल्ला केला, दुसऱ्या दिवशी दिल्लीत रीगलवर तेच झालं. पिक्चर परत सेन्सॉरकडे गेला आणि दोन-अडीच महिन्यांनी पुन्हा एकही कट न लागता बाहेर आला. आमच्या मालकांनी तो लावलाच नाही. काचा कोण भरून देणार, असं म्हणाले, आणि एका पडद्यावर कुटुंब चालवणाऱ्या माणसाचं ते म्हणणं मला समजत होतं. पण त्यामुळे झालं काय, की आमच्या गावच्या पब्लिकने ‘फायर’ न पाहताच त्याच्याबद्दल मत बनवलं. काचा फोडणारे किती होते आणि तिकीट काढून शांतपणे बघून गेलेले किती, हा हिशेब कुणी मांडला नाही. मोर्चा पेपरात येतो. गपचूप पिक्चर बघून घरी गेलेलं पब्लिक पेपरात येत नाही.

त्यानंतर पाच वर्षांनी ‘कल हो ना हो’. त्यातल्या घरकाम करणाऱ्या कांताबेन तुम्हाला आठवत असतील. सुलभा आर्य यांनी काम सुरेख केलंय, पण त्या सीनना गंमत एकच होती : दोन पुरुष जवळ दिसले की बाई घाबरते. पब्लिक खळखळून हसायचं. मग २००८ चा ‘दोस्ताना’. तो तर पूर्ण पिक्चरच त्या गमतीवर उभा. दोन मित्र मायामीत फ्लॅट मिळावा म्हणून आपण जोडपं असल्याचं नाटक करतात. आमच्याकडे दिवाळीनंतर लागला आणि स्टॉलमध्ये शिट्ट्या, बाल्कनीत हशा. गंमत कुठे आहे हे पब्लिकला शोधायला लागत नव्हतं. प्रत्येक वेळी मागून संगीताचा एक टुईंग आवाज यायचा आणि त्या आवाजाबरोबर हॉल हसायचा. मी काचेतून बघायचो. डोकी आवाजावर हलायची.

पण त्याच पिक्चरमध्ये एक जागा होती. किरण खेर आई झाल्यात. पोरगा खरंच तसा आहे असं समजून आधी ऊर बडवतात, मग मन घट्ट करतात आणि पोराच्या ‘जोडीदारा’ला सुनेसाठी ठेवलेलं कंगन देतात. सीन विनोदीच आहे, स्टॉल हसायचाच. बाल्कनीतल्या बायका मात्र तिथे हसता हसता शांत व्हायच्या. प्रत्येक खेळाला. आई पोराला पदरात घेते म्हटल्यावर ते नाटक आहे की खरं, याच्याशी त्यांना काही देणंघेणं उरायचं नाही.

माझा भाचा तेव्हा शाळेत होता, सुट्टीत आमच्याकडे यायचा. केबिनमध्ये रिळांच्या पेट्यांवर बसून राहायचा. मी म्हणायचो, ‘अरे खाली बाल्कनीत जाऊन बस, फुकट खुर्ची आहे.’ तो म्हणायचा, ‘इथंच बरंय मामा.’ पुढे ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने ३७७ चा निकाल दिला, समलिंगी संबंध हा गुन्हा नाही म्हणून, त्या आठवड्यात त्याने मला फोन करून स्वतःबद्दल सांगितलं. माझ्याआधी त्याने घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या फोनवरच म्हणाला, ‘मामा, केबिनमध्ये मशीनचा आवाज असायचा ना, त्यात खालचं हसणं ऐकू यायचं नाही. म्हणून मी तिथं बसायचो.’ दोन प्रोजेक्टरांची ती घरघर. मला स्वतःला ती डोक्यात जायची, आणि त्या पोराला तिच्यात आडोसा मिळत होता. तेव्हापासून असा कुठलाही पिक्चर आला की मी पब्लिककडे कान लावून बसतो.

मधल्या वर्षांत बदल झाला, हेही तितकंच खरं. २०१६ च्या ‘कपूर अँड सन्स’मध्ये फवाद खानचं पात्र तसं आहे. आईला ते कळतं तो सीन रत्ना पाठक शाह यांनी असा केलाय की हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू यावं. कुणी हसलं नाही. मात्र त्या पिक्चरमध्ये त्याचा जोडीदार पडद्यावर येतच नाही, जे काय आहे ते फोनवर आणि फोटोत. पब्लिकला एक दुःखी, देखणा, एकटा मुलगा दिला की ते त्याला आपलं म्हणतं. दोघंजण दिले की परीक्षा सुरू होते.

त्याच वर्षीचा ‘अलिगढ’ आमच्या गावापर्यंत आलाच नाही, मी नंतर टीव्हीवर पाहिला. प्राध्यापक सिरस नागपूरचे, मराठीचे कवी, अलिगढच्या विद्यापीठात मराठी शिकवायचे. २०१० साली ते एका पुरुषाबरोबर असताना लोक त्यांच्या घरात कॅमेरा घेऊन घुसले, विद्यापीठाने निलंबित केलं, अलाहाबाद हायकोर्टाने त्यांच्या बाजूने आदेश दिला आणि आठवड्याभरात ते गेले. मनोज वाजपेयी त्यात हातात ग्लास घेऊन गाणं ऐकत बसलाय, एवढा एकच सीन पाहिला तरी चालेल. आपल्या भाषेतला माणूस होता तो. त्याच्यावरचा पिक्चर आपल्या तालुक्याच्या गावांत एक आठवडा तरी लागायला हवा होता.

२०२० ला ‘शुभ मंगल ज्यादा सावधान’ आणि २०२२ ला ‘बधाई दो’. पहिल्यात आयुष्मान खुराना आणि जितेंद्र कुमार, दुसऱ्यात राजकुमार राव आणि भूमी पेडणेकर. दोन्ही हसवणारेच, पण हसू फिरवून घेतलेलं : आता हसायचं ते नातेवाइकांना, गल्लीला, लग्न लावायला निघालेल्या काका-आत्यांना. ‘बधाई दो’ हर्षवर्धन कुलकर्णींचा. त्यातला शेवटचा पूजेचा सीन माझ्या बायकोने दोनदा मागे घेऊन पाहिला. ती देवधर्म मानणारी बाई आहे. घरातल्या होमापाशी जोडीदारांसकट सगळ्यांना बसायला जागा मिळाली, हे तिला पटलं.

मराठी पब्लिकला हा विषय नवा आहे असं जे बोलतात त्यांचं मला आश्चर्य वाटतं. मुलीवर प्रेम करणाऱ्या मुलीचं, तेंडुलकरांचं नाटक ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली रंगमंचावर आलं, रोहिणी हट्टंगडी त्यात होत्या. पुढच्याच वर्षी ‘उंबरठा’ या पिक्चरमध्ये महिलाश्रमातल्या, एकमेकींवर प्रेम करणाऱ्या दोघी होत्या. तो तर मी स्वतः चालवलाय. लोकांनी स्मिता पाटीलसाठी पाहिला, त्या दोघींनाही पाहिलं आणि काही आकाश कोसळलं नाही.

तर परत पुण्याच्या हॉलमध्ये. इंटरव्हल एका सीनच्या मधोमध तोडून मारली. पिक्चरला मध्यंतराची जागाच ठेवलेली नाही आणि मल्टिप्लेक्सला समोसे विकायचे आहेत, मग कुणीतरी घड्याळाकडे बघून बटण दाबतो. ही पहिली तक्रार. दुसरी आवाजाची. मी उठून बाहेर गेलो आणि दारावरच्या पोराला म्हटलं, ऑपरेटर कुठे आहे? तो म्हणाला, ‘काका, ऑपरेटर नसतो आता, सगळं सर्व्हरवरून चालतं. टेक्निशियन आहे, पण तो सगळ्या स्क्रीनला एकच.’ म्हटलं, त्यालाच बोलव. पंचविशीतला मुलगा आला, गळ्यात ओळखपत्र. मी विचारलं, ‘फेडर कितीवर आहे?’

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाला, ‘साडेचार.’

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : थिएटरच्या साउंड प्रोसेसरवर फेडर सात हा ठरलेला आकडा असतो. स्टुडिओत पिक्चरचा आवाज त्या पातळीला ऐकून पक्का करतात. जाहिराती आणि ट्रेलर कर्कश असतात, लोक तक्रार करतात, म्हणून हॉलवाले तो खाली आणतात आणि मग पिक्चरलाही तिथेच ठेवतात. मारधाडीचा पिक्चर साडेचारवर चालून जातो. ज्याच्यात संगीतच नाही तो नाही चालत. मी त्याला म्हटलं, ‘बाळा, ह्या पिक्चरला पार्श्वसंगीत नाहीये. तू साडेचारवर ठेवलास तर लोकांना मुका पिक्चर बघितल्यासारखं वाटतंय. निदान सहावर घे.’ तो म्हणाला, ‘काका, तुम्ही लाइनमधले का?’ मी हो म्हटलं. त्याने वाद घातला नाही, वर गेला आणि सव्वासहावर आणला. त्या पोराला पूर्ण मार्क.

इंटरव्हलनंतरचा हॉल वेगळा होता, आणि हे मी उगाच म्हणत नाही. रातकिडे भिंतीभिंतीतून आले. श्वास ऐकू यायला लागले. कॉलेजच्या पोरांतला मोबाइलवाला दोनदा फोन उघडून बंद करून बसला, नंतर उघडला नाही. बाळ्या आनंदसाठी निवडुंगाची, म्हणजे साबराची, ती लालबुंद बोंडं शोधून आणतो. आम्ही लहानपणी बांधावर हीच फळं मातीत घोळून, बारीक कुसळं झाडून खायचो, तरी संध्याकाळपर्यंत ओठ चुरचुरायचे. तो सीन आला तेव्हा माझ्या शेजारच्या आजोबांनी आजींना मोठ्याने सांगितलं, ‘कुसळं काढलीत बघ आधी त्यानं.’ आजी म्हणाल्या, ‘काढणारच की. त्याच्यासाठी आणलीत.’ आजूबाजूचे चारपाच जण हसले, आणि ते हसणं फार चांगलं होतं. त्या आजींनी पिक्चरचा अख्खा विषय ओळखला होता, कुणी न सांगता.

मधल्या रांगेतल्या बायका सगळ्यात मोठ्याने कधी हसल्या सांगतो. भावकीतलं कुणीतरी दुखवट्याच्या बैठकीत पुन्हा लग्नाचा विषय काढतं, तेव्हा. कारण तो माणूस प्रत्येकीच्या घरात आहे. त्या हशात पुढची पोरंही सामील झाली. सगळा हॉल एकाच बाजूने, आनंदच्या बाजूने हसला. अख्ख्या नोकरीत मी ही गोष्ट अशा पिक्चरला पाहिली नव्हती.

मग जवळिकीचे सीन. पिक्चरमध्ये आहेत, लपवाछपवी नाही, आणि दाखवेगिरीही नाही. हॉलमध्ये खोकल्याची एक लाट आली. आजोबांनी चष्मा पुसला. पर्सवाली बाई हलली नाही. कुणी उठून गेलं नाही, कुणी ओरडलं नाही. खोकल्याचं म्हणाल तर, घरच्या लोकांबरोबर बसलेलं मराठी पब्लिक नायक-नायिकेच्या चुंबनालाही असंच खोकतं. हजारो खेळांचा अनुभव आहे. तो संकोच आहे, तिरस्कार नव्हे. आणि संकोचाला वेळ दिला की तो बसतो. इथे कॅमेरा हलत नाही, कट येत नाही, सुटका करणारं संगीत येत नाही, म्हणून तो वेळ मिळतो. पुढची पोरं पहिल्या भागात फिसफिसली होती, इथे नाही फिसफिसली. हसण्याचा इशाराच कुणी दिला नाही, मग हसणार कशाला?

याच एका गोष्टीसाठी मी हे सगळं लिहितोय. ‘आपलं पब्लिक अजून तयार नाही’ हे वाक्य मी वितरकांच्या, मालकांच्या, मॅनेजरांच्या तोंडून जन्मभर ऐकलं. पब्लिकला वीस वर्षं आपणच टुईंग आवाज काढून हसायला लावलं आणि मग म्हणालो, बघा, हसतात. इथे आवाज काढला नाही तर तेच पब्लिक कुसळं काढलीत का ते बघत होतं.

आईबद्दल लिहायलाच हवं. जयश्री जगतापांची आई पोराबद्दल सगळं जाणून आहे. नातेवाइकांना ती दुसरीच एक कहाणी सांगून ठेवते, की पोराचं एका मुलीवरून मन मोडलंय. ती खोटं बोलते ते पोराला झाकायला, आणि त्याच वेळी स्वतःलाही भावकीत राहायचंय म्हणून. या बाईला पिक्चरने देवी केलेलं नाही आणि खलनायिकाही केलेलं नाही. दुखवट्याला आलेल्यांचा चहा बघायचा, नवऱ्यामागचं रडणं धरून ठेवायचं आणि पोराकडे एक डोळा ठेवायचा, हे सगळं ती एकाच वेळी करते. कानवडे यांच्या स्वतःच्या वडिलांच्या सुतकाच्या दिवसांतून हा पिक्चर सुचलाय, आणि ते त्या घरातल्या बारीकसारीक गोष्टींत दिसतं. भाषाही आमच्याच भागातली. कुणी पाटी वाचल्यासारखं बोलत नाही.

आता उणं. पहिला अर्धा तास संथ आहे, आणि आवाज कमी असेल तर फारच संथ वाटतो. भावकीतली दोनतीन माणसं तेच ते बोलतात. एखादा सीन कमी असता तर काही बिघडलं नसतं. बाळ्याचं घर मला अजून बघायचं होतं. आनंदला मुंबई आहे, नोकरी आहे, समजून घेणारी आई आहे. बाळ्याच्या वाट्याला काय आहे, हे आपल्याला तुकड्यातुकड्यांत कळतं. गावात राहून हे आयुष्य काढणाऱ्या पोराची बाजू जास्त कठीण, आणि सूरज सुमनने ती इतकी छान पेललीय की तिला अजून जागा द्यायला हवी होती. त्या हॉलचा पडदाही अंधारलेला होता, बल्ब बदलायला झालाय. रात्रीच्या सीनमध्ये चेहरे शोधावे लागत होते. हा दोष पिक्चरचा नाही.

पिक्चर संपला तेव्हा टाळ्या वगैरे वाजल्या नाहीत. नावं चालू असताना बरेच जण बसून होते. एरवी मल्टिप्लेक्समध्ये नावांना कुणी थांबत नाही, सफाईवाली मुलं कचऱ्याच्या पिशव्या घेऊन आत शिरलेली असतात. जिन्यात एक गृहस्थ बायकोला म्हणत होते, ‘असले विषय कशाला काढायचे, समाजात किती चांगल्या गोष्टी आहेत.’ बायको म्हणाली, ‘मग तुम्ही रडत का होतात?’ ‘बाप गेल्याचा सीन होता म्हणून,’ ते म्हणाले. खरं असेल. दुःखाच्या वाटेने आत शिरलेला माणूसही आतच असतो. भिशीच्या बायका जयश्री जगतापांच्या साडीवर आणि त्यांच्या गप्प बसण्यावर बोलत होत्या. कॉलेजची पोरं चहाच्या टपरीवर भांडत होती की बाळ्या कितपत खरा वाटतो. एकाचं गाव जुन्नरकडचं, तो छातीठोकपणे सांगत होता की असे दोघंजण त्याच्या गावात आहेत आणि सगळ्यांना माहीत आहे.

मल्याळममध्ये २०२३ साली ‘काथल’ आला. मामुटीसारखा त्यांचा सर्वात मोठा हिरो, त्याच्या स्वतःच्या कंपनीने काढलेला पिक्चर, त्यात तो ग्रामपंचायतीच्या पोटनिवडणुकीला उभा राहिलेला, लग्न झालेला, आणि पुरुषावर प्रेम असलेला माणूस. कुवेत आणि कतारमध्ये बंदी आली, पण केरळात बायकामुलांसकट लोक गेले. मामुटी आहे म्हटल्यावर मालकांनी चांगले खेळ दिले, चांगले पडदे दिले. आपल्याकडे तेलुगू नट राणा दग्गुबाटी यांच्या कंपनीने हात दिला म्हणून ‘साबर बोंडं’ निदान थिएटरात तरी आला. पण दुपारच्या खेळाला नोकरी करणारा माणूस येणार कसा? आणि शुक्रवारनंतर आकडे बघून म्हणणार, पब्लिक नाही.

भाच्याने मुंबईत पाहिला. मला म्हणाला, ‘मामा, आईला घेऊन जाऊ का?’ अक्का बासष्ट वर्षांची, गुडघ्याचा त्रास, गावाहून पुण्याला येऊन दुपारचा खेळ तिला जमणं कठीण. पिक्चर तिच्याच बोलीत आहे, तिच्याच शिवारासारख्या शिवारात घडतो, त्यातली आई तिच्यासारखी बसते-उठते, आणि तिच्या तालुक्यात तो लागलेला नाही. मी अक्काशी फोनवर बोललो. गोष्ट काय आहे ते स्वच्छ सांगितलं, आडपडदा ठेवला नाही. ती थोडं थांबून म्हणाली, ‘त्यातली आई काय करते?’ मी म्हटलं, ते तू बघायला ये. येत्या रविवारी माझी मुलगी गाडी घेऊन तिला आणणार आहे, तोवर खेळ टिकला तर.

तुम्ही जाणार असाल तर हे करा. पुढच्या रांगा टाळा, मागे मध्यावर बसा, तिथे आवाज नीट भरतो. आत शिरतानाच दारावर सांगा की या पिक्चरला फेडर सहाच्या वर हवा. सांगायला संकोच करू नका. पहिला अर्धा तास धीर धरा. आईवडिलांना न्यायला घाबरू नका, विषय आधी सांगून न्या. आणि मालक-वितरकांना माझी हात जोडून विनंती : नगरला, संगमनेरला, श्रीरामपूरला संध्याकाळी सहाचा खेळ द्या, एक आठवडा सलग, बल्ब चांगला लावून. पब्लिक काय करतं ते त्यानंतर मला फोन करून सांगा.